एक मिलिमीटरची फट, दहा लाख घाव

लाकडी जहाजाच्या दोन फळ्यांमधला सांधा पाण्याखाली तीन मीटर खोल आहे असे धरा. तिथे एक मीटर लांबीची फट पडली, रुंदी फक्त एक मिलिमीटर. नखही धड शिरणार नाही अशी. तेवढ्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाचा साधा हिशेब मांडला, तर त्या फटीतून सेकंदाला साडेचार लिटरहून जास्त पाणी आत येते. तासाला साडेसोळा हजार लिटर आणि दिवसाला जवळजवळ चार लाख. करकंबच्या वाचकाला टँकर समजावून सांगायला नको. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर रोज, आणि तेही जहाजाच्या पोटात.

करकंब समुद्रापासून हवाई अंतरानेही दोनशे किलोमीटरहून दूर आहे. इथल्या माणसाने पाण्याची टंचाई पाहिली आहे. पाणी बाहेर ठेवण्याची धडपड त्याच्या वाट्याला क्वचितच येते. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांचा सारा कारभार मात्र त्या धडपडीवर उभा होता. जहाज बांधायला एखाद-दोन वर्षे लागत. ते तरंगत ठेवायचे काम त्याचे आयुष्य संपेपर्यंत चाले. नव्या जहाजाच्या जलावतरणाची वर्णने भरपूर वाचायला मिळतात, त्यामानाने दुरुस्तीवर लिहिलेले थोडे. खरे थक्क करणारे आकडे मात्र दुरुस्तीतच आहेत.

हिशेबाला एक खरे जहाज घेऊ. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती लढाऊ फ्रिगेट होती, पण त्याच गोदीत, त्याच घराण्याच्या हाताखाली आणि त्याच मलबारी सागवानातून मोठी व्यापारी जहाजेही बांधली जात. १७९८ मध्ये तिथे तयार झालेले ‘स्केलबी कॅसल’ हे व्यापारी जहाज तर बाराशे टनांहून मोठे, म्हणजे ट्रिंकोमालीपेक्षाही मोठे होते. ट्रिंकोमाली घेण्याचे कारण इतकेच की ती आजही पाण्यावर आहे आणि तिची मापे हाताशी आहेत. तोफांच्या मजल्याची लांबी दीडशे फूट, रुंदी चाळीस फुटांना इंचभर कमी, आणि त्या काळच्या मापाने भार १,०६५ टन.

अशा जहाजाच्या बाहेरच्या अंगावर, कण्यापासून दोन्ही बाजूंच्या कठड्यांपर्यंत, साधारण साडेआठ हजार चौरस फूट फळ्या असतात. फळीची रुंदी दहा इंच धरली तर त्यांच्यामधले आडवे सांधे दहा हजार फूट भरतात. हे झाले तीन किलोमीटर. आत तीन मजल्यांच्या तक्तपोशी. तिथल्या फळ्या अरुंद, आठ इंचांच्या धरल्या तर आणखी साडेसहा किलोमीटर. फळीला फळी टोकाशी मिळते ते उभे जोड सोडून दिले, तरी एका जहाजावर साडेनऊ किलोमीटर सांधा होतो. हा माझा ढोबळ हिशेब आहे. फळी रुंद-अरुंद झाली की आकडा मागेपुढे होईल, पण त्याची जात बदलणार नाही.

आता या सांध्यात ठासायचे काय? जुन्या दोरखंडांचे उकललेले धागे, काथ्या, कापूस. त्यांचा पीळ करून तो बोथट छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने आत बसवायचा आणि वर राळ ओतायची. एक पीळ पुरत नाही. फळीची जाडी जेवढे इंच, तेवढे पीळ, असा साधारण रिवाज होता. लढाऊ जहाजांच्या सर्वांत जाड फळ्यांत दहा-बारा पीळही जात. बाहेरच्या फळ्यांना चार आणि तक्तपोशीला दोन धरले, तर एका जहाजाला पंचवीस किलोमीटरहून जास्त लांबीचा पीळ लागतो. पैठणहून निघालेली नाथांची पालखी करकंब सोडून पंढरपूरला पोहोचेपर्यंत साधारण एवढेच अंतर चालते. इंचांत मांडले तर हा पीळ दहा लाख इंच भरतो. प्रत्येक इंचावर हातोड्याचा एकच घाव धरा. खरे तर एका घावात भागत नाही. तरीही दहा लाख घाव झाले. त्यातला एकही हलका पडता कामा नये, कारण सुरुवातीला सांगितलेली एक मीटरची फट म्हणजे बाहेरच्या तीन किलोमीटर सांध्याचा फक्त तीन हजारावा भाग आहे.

हे काम एकदा करून सुटका नसे. मुंबईहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडनला जायचे म्हणजे एका खेपेला वीस हजार किलोमीटरच्या आसपास. लाट जहाजाला मधोमध उचलते, दुसरी दोन्ही टोकांना उचलते. प्रत्येक वेळी सगळा सांगाडाच किंचित वाकतो आणि फळ्या एकमेकींवर घासतात. ऊन तक्तपोशी वाळवते, पाऊस ती फुगवतो. सांध्यातला पीळ हळूहळू बाहेर ढकलला जातो किंवा आतल्या आत कुजतो. काही वर्षांनी तेच दहा लाख घाव पुन्हा.

त्यासाठी जहाज पाण्याबाहेर काढावे लागते. हजार टनांचे जहाज उचलणार कसे? ज्या बंदरांत गोदी नव्हती तिथे त्याला किनाऱ्याजवळ नेऊन, डोलकाठ्यांना दोर बांधून आडवे कलंडवत. एक कूस वर आली की ती दुरुस्त करायची, मग दुसरी. यात सांगाड्यावर इतका ताण येई की दुरुस्तीतूनच नवे दुखणे उद्भवे. मुंबईचे भाग्य तिच्या भरती-ओहोटीत होते. उधाणाच्या दिवसांत इथले पाणी बारा फुटांहून अधिक चढते आणि उतरते. सुरतेहून दहा सुतार घेऊन आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली ईस्ट इंडिया कंपनीने इथे १७५० मध्ये कोरडी गोदी उभी केली आणि पुढे ती वाढवली. १७७५ मध्ये अब्राहम पार्सन्स या प्रवाशाने ती पाहिली, तेव्हा तिला तीन कप्पे आणि दारांच्या तीन जोड्या होत्या. एकाच वेळी तीन मोठी लढाऊ जहाजे आत घेता येत, आणि युरोपातही अशी गोदी क्वचितच सापडेल असे त्याचे मत पडले. पुढे १८१० पर्यंत डंकन गोदी पुरी झाली.

भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटी लागली की झडपांतून पाणी जाऊ द्यायचे, जहाज ठोकळ्यांवर टेकत असताना दोन्ही कुशींना धिरे लावायचे. दोनशे फूट लांब आणि पन्नास फूट रुंद अशी एक गोदी कल्पून बारा फूट पाणी उतरले असे धरले, तर चौतीस लाख लिटर पाणी काही तासांत आपोआप निघून जाते. तीनशे चाळीस टँकर झाले. तळाशी उरेल तेवढेच पाणी उपसायचे. ज्या काळात पंप माणसांच्या दंडांवर चालत, त्या काळात चंद्राने फुकट केलेले हे काम एखाद्या बंदराचे नशीब उघडायला पुरेसे होते. १७८२ मध्ये अ‍ॅडमिरल ह्यूजचा ब्रिटिश ताफा फ्रेंच सेनापती सुफ्राँशी एका वर्षात चार लढाया लढला आणि फुटक्या जहाजांनिशी डागडुजीसाठी मुंबईला आला. पूर्वेच्या समुद्रात एवढ्या मोठ्या जहाजांना आत घेणारी गोदी त्यांच्यापाशी दुसरी नव्हती.

पाणी उतरले की खाली उतरे तपासनीस. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्याच्यापुढे हजारो चौरस फूट लाकूड असे, त्यातले बरेचसे तांब्याच्या पत्र्याखाली झाकलेले. हाताशी हातोडी, गिरमिट, दोरी आणि कंदील. त्याने ‘ठीक आहे’ म्हटले की शंभर-दीडशे माणसे आणि लाखोंचा माल त्या शब्दावर समुद्रात जाई.

तो आधी लांबून पाही. कण्याला, ज्याला कोकणात पठाण म्हणतात, पोक आलेले आहे का? जहाजाचे पोट रुंद असते म्हणून पाणी त्याला चांगले उचलून धरते. नाळ आणि पिछाडी निमुळती असते, तिथे आधार कमी आणि भार जास्त. वर्षानुवर्षे दोन्ही टोके लोंबत राहिली की कणा मध्ये वर येतो. दोरी ताणून तो किती इंच वर आला ते मोजायचे. मग तांब्याचा पत्रा. पत्र्याला कुठे सुरकुत्या पडल्या असतील, तर आतल्या फळ्या तिथे हलत आहेत हे नक्की. मग हातोडी. धडधाकट लाकूड खणखणीत बोलते, सडलेले बद्द. जिथे आवाज बसका येई तिथे गिरमिटाने भोक पाडायचे आणि निघणारा भुसा चिमटीत घेऊन पाहायचा. कोरडा, लाकडाच्या रंगाचा आणि वासाचा भुसा असेल तर भोकात खुंटी ठोकून पुढे जायचे. ओलसर, काळपट, भुगा झालेला निघाला तर फळी उतरवायची.

सडण्याच्या जागा त्याला पाठ असत. खारे पाणी लाकडाचा तेवढा घात करत नाही, जेवढा गोडे पाणी करते. म्हणून पावसाचे पाणी जिथे झिरपते आणि वारा जिथे पोहोचत नाही त्या जागा वाईट : तक्तपोशी कुशीला मिळते तो कोपरा, नाळेशी आणि पिछाडीशी फळ्यांची टोके जिथे खोबणीत बसतात ती जागा, बरगड्यांमधली बंद पोकळी. काही ठिकाणी तर या पोकळ्यांत मुद्दाम मीठ भरत. आणि हे सगळे ठोकून पाहायचे किती? दर फुटाला एक ठोका धरला तरी नुसत्या बाहेरच्या अंगाला साडेआठ हजार. प्रत्येक ठोक्याला कान द्यायचा. हजारावा आवाज आणि पाच हजारावा आवाज तितक्याच लक्षपूर्वक ऐकणारा माणूस किती दुर्मीळ असेल, हे ज्याने कधी सलग मोजणीचे काम केले आहे त्याला कळेल.

तांब्याच्या पत्र्याचे कारण एक शिंपला होता. तेरेडो नावाचा हा प्राणी दिसतो किड्यासारखा, पण आहे कालवाच्या कुळातला. पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरते आणि आत बोटाएवढे जाड होत पोखरत जाते. बाहेरून फळी शाबूत, आतून जाळी. उबदार पाण्यात त्याची पैदास लाखांनी. आपल्याकडे यावर चुना, तेल आणि राळ यांचा जाड लेप देत. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ जहाजाच्या बुडाला तांबे ठोकून पाहिले, आणि त्यातून नवेच दुखणे निघाले : खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंड झपाट्याने झिजते, त्यामुळे फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळेच निकामी होऊ लागले. मग १७८० नंतरच्या वर्षांत पाण्याखालचे खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे झाले. चार फूट बाय चौदा इंचांचा एक पत्रा. ट्रिंकोमालीएवढ्या जहाजाला पाण्याखाली असे सोळा-सतराशे पत्रे लागतील, आणि प्रत्येकाला सत्तरएक चुका. म्हणजे लाखाहून जास्त खिळे, आणि पत्रा बदलायचा झाला की ते सगळे उपटायचे आणि नवे ठोकायचे.

या साऱ्या तपासणीचा निकाल एका पुस्तकात एका अक्षरात उतरे. लंडनमध्ये लॉइड्सच्या कॉफीगृहात जमणाऱ्या विमेदारांनी १७६० मध्ये एक मंडळ स्थापले आणि जहाजांची नोंदवही काढली. सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एक अक्षर. दोर, नांगर, शिडांना चांगले, मध्यम किंवा वाईट असा शेरा. काही वर्षांत शेऱ्याच्या जागी आकडे आले आणि उत्तम जहाज ‘ए वन’ झाले. यात एक मोठा दोष होता : दर्जा ठरवताना जहाजाचे वय आणि बांधणीचे बंदर यांनाच फार वजन दिले जाई, त्यामुळे चांगले राखलेले जुने जहाज खाली घसरे आणि कच्चे नवे वर राही. जहाजमालक चिडले, त्यांनी आपली वेगळी वही काढली, आणि अखेर १८३४ मध्ये दोन्ही वह्या एक होऊन नवे मंडळ उभे राहिले. त्याच्याकडे ६३ तपासनीस होते. जगभर फिरणाऱ्या ब्रिटिश व्यापारी जहाजांसाठी त्रेसष्ट माणसे! लाकूड कोणते वापरले यावरून जहाजाला पहिल्या दर्जाची किती वर्षे द्यायची, हे आता नियमांत लिहिले गेले, आणि त्या यादीत सागवान वरच्या पंक्तीत होता.

सागवानाला ही जागा मेहरबानीने मिळाली नव्हती. ओकच्या लाकडात आम्ल असते, ते लोखंडी खिळा खाते. सागवानातले तेल त्याच खिळ्याला जपते. ओकची मोठमोठी जहाजे पंधरा-वीस वर्षांत थकत. ‘क्वीन शार्लट’ हे शंभर तोफांचे ब्रिटिश जहाज १८१० मध्ये पाण्यात उतरले आणि समुद्रावर धड निघण्याआधीच इतके सडले की बरेचसे पुन्हा बांधावे लागले. मुंबईचे ‘कॉर्नवॉलिस’ उतरले १८१३ मध्ये. १८४२ मध्ये चीनबरोबरचा नानकिंगचा तह त्याच्यावर झाला, पुढे त्याच्यात वाफेचे यंत्र बसवले, मग इंग्लंडातल्या शीअरनेसला त्याचा धक्का म्हणून वापर झाला, आणि ते मोडले १९५७ मध्ये. पाण्यातली एकशे चव्वेचाळीस वर्षे! लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांनी हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांना जो कडवा विरोध केला, त्यामागे हे आकडे होते. आपल्या सुतारांच्या हातचे काम तिथल्या धंद्याला परवडत नव्हते, आणि याचा मला अभिमान वाटतो.

ट्रिंकोमाली आता इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये आहे. तरंगत असलेले ते सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज मानले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस दहाएक वर्षे तिची दुरुस्ती चालली, ती २००१ मध्ये संपली, आणि तरीही तिच्यातले निम्म्याहून जास्त लाकूड मूळचे आहे. ते तोडले तेव्हा ती झाडे शंभर वर्षांची होती असे धरले, तर त्यांची रोपे कान्होजी आंग्र्यांच्या उमेदीच्या काळात मातीतून वर आली.

झाडांचा हिशेब मात्र मन खट्टू करतो. त्या काळी भाराच्या दर टनाला साधारण दीड ‘लोड’ लाकूड धरत, आणि एक लोड म्हणजे पन्नास घनफूट. ट्रिंकोमालीला या हिशेबाने ऐंशी हजार घनफूट ओंडके लागतात. एका चांगल्या सागवानाचे चाळीस घनफूट मिळाले तर दोन हजार झाडे. वाडियांच्या दीडशे वर्षांत मुंबईच्या गोदीने लहानमोठी तीनशेहून अधिक जहाजे बांधली, आणि दुरुस्तीला लागलेले लाकूड वेगळेच. मलबारचा सागवान हाती राहावा म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याला वनांचा संरक्षक नेमले. त्याचे संरक्षण म्हणजे मुख्यतः कंपनीची मक्तेदारी होती, आणि लोकांच्या तक्रारींमुळे १८२३ मध्ये ते पद मोडले. जंगल संपत आले तेव्हा मलबारचा कलेक्टर कोनोली आणि त्याचा सहकारी चातू मेनन यांनी १८४० नंतरच्या दशकात निलांबूरला सागवान मुद्दाम लावायला घेतला. त्यांतली काही झाडे अजून उभी आहेत. ती जहाजाला कधी लागलीच नाहीत, कारण ती वाढेपर्यंत लोखंड आणि वाफ आली होती. वाडिया घराण्यातल्यांनी हे आधीच ओळखले होते : जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेहरवानजी १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले, आणि आर्देशीर कर्सेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले ते वाफेच्या यंत्रांच्या कामावर. १८८५ च्या सुमारास गोदीचे मुख्य मिस्त्रीपद घराण्याकडून गेले.

कोकणातली गलबते, पडाव आणि शिबाडे या नोंदवह्यांत आली नाहीत. त्यांची तपासणी वर्षातून एकदा ठरलेली असे आणि ती पावसाळा करून घेई. ज्येष्ठात गलबत किनाऱ्यावर ओढायचे, झापांनी शाकारायचे, सांधे उकलून पुन्हा भरायचे, बुडाला लेप द्यायचा आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात ढकलायचे. तपासनीस म्हणजे तांडेल आणि सुतार, आणि विमा म्हणजे त्यांचाच जीव. मोठ्या जहाजांची सोयही मराठ्यांनी केली होती. विजयदुर्गापासून थोडे आत, वाघोटनच्या खाडीवर गिर्ये गावाजवळ, त्यांच्या आरमाराची गोदी आहे. खडक फोडून केलेली, ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. आपल्या मापात चौऱ्याहत्तर गुंठे. त्या किनाऱ्यावर सहा फुटांची भरती धरली तर एका भरतीला तिच्यात एक कोटी सदतीस लाख लिटर पाणी येते आणि ओहोटीला निघून जाते, दिवसातून दोनदा. मुंबईच्या डंकन गोदीत नौदलाचे काम अजून चालते. गिर्येची गोदी गाळाने भरत गेली आहे. तो गाळ काढून तिचा तळ, तिच्या तोंडाची रुंदी आणि आतली खोली नीट मोजायला हवी, म्हणजे एका वेळी तिथे किती गलबते पाण्याबाहेर उभी राहत असतील याचा हिशेब मांडता येईल.